एक वेढा वरचा

नाही, पण मी म्हणते, जायचंय कुठे तुम्हाला एवढ्या घाईने? अहो, पाय ठेवला की अडीच सेकंदांत शंभरचा वेग! अडीच सेकंद! मला खुर्चीतून उठताना 'आई गं' म्हणायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात ही गाडी रस्त्याच्या त्या टोकाला! आणि तिथे जाऊन करते काय? तर सिग्नलला उभी राहते! हे मी घरात बोलले, तर माझ्या नातीने कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, "आजी, प्रश्न पोचण्याचा नाहीये, जाण्याचा आहे." घ्या! आता यावर काय बोलायचं? असेल बाई. मला काय कळतंय त्यातलं, मी शाळेची पायरी चढलेली नाही. वेढे मात्र मी मोजून घालते.

कसले वेढे ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी बरळायला लागली. तांब्याच्या तारेचे. आमच्या ह्यांचं मोटर भरायचं दुकान होतं. जळलेला पंखा, जळलेला पाण्याचा पंप, पिठाच्या गिरणीची मोटर, काय वाट्टेल ते यायचं, काळंठिक्कर, वास मारत. हे जुनी तार उपसून काढायचे आणि मी नवी भरायची. चाळीस वर्षं! पोराबाळांचं जेवण झालं की दुकानाच्या खिडकीशी बसायचं आणि वेढे घालायचे. आता मला आकडे येत नाहीत अशातला भाग नाही हो, येतात, पण तारेवर आकडे टिकत नाहीत. मधेच कोणीतरी विचारतं, "काकू, माझा पंखा झाला का?" की गेला आकडा! माणसं मात्र टिकतात. म्हणून मी घर मोजायची. सासूबाई, मामंजी, थोरले दीर, थोरल्या जाऊबाई, धाकटे दीर, नणंद, आमचे हे, आणि माझी लेक. आठ. एकशे दोन वेढ्यांचा पंखा असला की अख्खं घर बारा वेळा फिरवायचं आणि वर सहा जणं, नणंदेवर थांबायचं. एकदासुद्धा चुकले नाही. नणंदेला तर मी झोपेतसुद्धा ओळखते.

आणि सगळं झालं की एक वरचा. ही आमच्या दुकानाची रीत. हे म्हणायचे, "घाल गं एक वरचा, मोटर थंड राहील, गिऱ्हाईक दुवा देईल." एका वेढ्याने पंख्याला काय होतंय? काही नाही! पण आमचे पंखे वीस-वीस वर्षं चालायचे हो. लोक म्हणायचे, काय हात आहे! असो, ते सगळं गेलं. हे गेले, दुकान गेलं. पंखा जळला की लोक आता नवीन आणतात. राहिली मी आणि माझी बांबूची पट्टी, जिने तार खाचेत दाबून बसवायची ती. ती माझ्या उशाखालीच असते. पाठ खाजवायला बरी पडते.

तर माझी नात. शिकली, मोठी इंजिनीअर झाली, आणि गेली कुठे? मोटरीतच! रक्त आहे ते. ही शर्यतीच्या गाड्यांसारख्या विजेच्या गाड्या बनवणारी कंपनी, तिथे ती मोटरीची रचना करते. आणि लग्न केलं कोणाशी? तिथल्याच दुसऱ्या मोटरवाल्याशी! दुसऱ्या म्हणजे अगदी दुसऱ्या हं. त्यांचा चुंबकाचा पक्ष आणि हिचा बिनचुंबकाचा. अहो, पूर्वी घरात भांडणं व्हायची ती सासू-सुनेची. आमच्याकडे जेवायला बसलं की सुरू होतं लोहचुंबकावरून!

जावईबापू घास तोंडात असतानाच सांगायला लागतात, "आजी, तुम्हीच सांगा, आमच्या मोटरीत कायमचे चुंबक बसवलेत. आकाराने लहान, वजनाला हलकी, आणि ताकद बघा! वीजही कमी खाते. जगात सगळे हेच वापरतात."

की ही इकडून, "सगळे वापरतात कारण सगळ्यांना सोपं हवं असतं! तापलं की तुमचं चुंबक मरतं, त्याचं काय? ट्रॅकवर पाच फेऱ्या मारल्या की हुश्श!"

"मरत नाही, जरा कमी होतं."

"माणूसही मरायच्या आधी जरा कमीच होतो!"

"आणि तुमचा पिंजरा तापत नाही वाटतं?"

पिंजरा म्हणजे हिच्या मोटरीत फिरतो तो तांब्याच्या दांड्यांचा पिंजरा. त्यात चुंबक नाही, काही नाही. बाहेरच्या तारेत वीज फिरली की त्या ओढीने हा आत तिच्यामागे फिरतो, पण कायम एक पाऊल मागे. चुंबकवाला बरोबरीने चालतो, हा मागून येतो. मला तर ते ऐकूनच आपलं वाटलं. आमचे हे बाजारात अगदी असेच चालायचे. मी पुढे, हे पिशव्या घेऊन एक पाऊल मागे. पण कधी तापले नाहीत, कधी मेले नाहीत... म्हणजे मेले, पण वेळ झाल्यावर. मी म्हटलं, "जावईबापू, मागून येणारा टिकाऊ असतो." नातीने टाळी दिली. जावईबापूंनी भाजी वाढून घेतली. मला काय कळतंय म्हणा.

आणखी एक तिसरा पक्ष होता, त्यांची मोटर तव्यासारखी, चपटी. "ओढ भयंकर आहे हो, पण बनवताना जीव जातो," असं दोघंही म्हणायची. त्या एका बाबतीत दोघांचं एकमत. संसारात तेवढं पुष्कळ झालं.

पण हे सगळं हसण्यावारी जात होतं तोवर ठीक होतं. मग एक दिवस मोठ्या साहेबांनी सांगितलं, तीन मोटरी पुरे झाल्या, आता एकच ठेवायची. गुरुवारी तिन्ही गाडीत घालून ट्रॅकवर पळवायच्या. जी जिंकेल ती नव्या गाडीत. बाकीच्या दोघांची टोळी मोडायची. चार वर्षं, ऐकताय ना, चार वर्षं माझी पोर त्या पिंजऱ्यामागे होती! केस पांढरे झाले तिचे, मी मोजलेत. "आजी," म्हणाली, "चुंबकाची माती जगात दोन-चार ठिकाणीच निघते. उद्या त्यांनी देणं बंद केलं तर? माझी मोटर नुसत्या तांब्यालोखंडाची आहे, कुठेही बनेल. ही हरली ना, तर पुन्हा कोणी हिच्याकडे बघणार नाही."

आणि नेमकं तेव्हाच काय व्हावं? तार भरायचं मशीन कंपनीत एकच, आणि ते तवेवाल्यांनी अडवलेलं. त्यात त्याची सुई तुटली. नवी सुई कधी येणार, तर पंधरा दिवसांनी. आणि परीक्षा गुरुवारी! सोमवारी सकाळी ही माझ्या दारात. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी, मला वाटलं मांजर आणलं. उघडलं तर आत मोटरीचा गोल सांगाडा, नुसता, आतून अठ्ठेचाळीस खाचा, कंगव्यासारख्या.

"आजी, तुझ्याकडून होईल?"

अहो, काय सांगू तुम्हाला! नऊ वर्षांनी कोणीतरी मला हा प्रश्न विचारला! नाहीतर हल्ली मला काय विचारतात, 'आजी, गोळी घेतली का?' मी म्हटलं, "पट्टी काढ उशाखालची."

तिने बजावलं हं, तिची काही चूक नाही. समोर बसवून, बोट वर करून सांगितलं, "आठ टर्न. प्रत्येक कॉइलला आठ. कमी नाही, जास्त नाही. आठ."

मी म्हटलं, "मला शिकवतेस? मी मोजून घालते वेढे."

आणि आठ म्हणजे किती सोपं बघा! एकदा घर मोजलं की झालं! तार मात्र साधी नव्हती, वीस बारीक तारा एकत्र धरायच्या आणि एकीलाही पीळ पडता कामा नये. खिडकीत बसले. सासूबाई, मामंजी, थोरले दीर... बोटं सुरुवातीला कुरकुरली, मग लागली की हो चालायला! तीन दिवस. खाच इतकी अरुंद की शेवटी शेवटी तार आत जाईना. दाबते आहे, पट्टीने ठोकते आहे, जीभ दातांत धरून. नात आली बघायला, डोळे विस्फारले तिचे. "आजी! मशीनमध्येसुद्धा इतकी गच्च बसत नाही!" मी म्हटलं, "मशीनला नणंद नाही."

बुधवारी मीटर लावून बघितलं तिने. म्हणाली, "रेझिस्टन्स जरासा जास्त दाखवतोय." मग स्वतःच म्हणाली, "हाताचं काम आहे, थोडंफार असायचंच." मी म्हटलं, "असायचंच!" काय शहाणी मी! काय तोंड माझं! असायचंच म्हणे!

गुरुवारी मलाही नेलं ट्रॅकवर. गळ्यात पट्टा घातला, त्यावर 'पाहुणे' लिहिलेलं, नातीने वाचून दाखवलं. कानात बोळे घातले, म्हटलं कशाला, या गाड्यांना आवाजच नाही! नुसती शिट्टी वाजते, कुकर होणार होणार आणि होतच नाही, तशी.

आधी तवेवाले. सुटली झकास, तिसऱ्या फेरीला धूर. विषय संपला. मग चुंबकवाले. चांगली पळाली, मी खोटं बोलणार नाही. जावईबापू ओठ चावत उभे. मग आमची! आणि काय सांगू तुम्हाला... सुटली ती अशी सुटली की चालवणाऱ्याचं डोकं मागे आपटलेलं मला इथून दिसलं! पहिल्या झपाट्यात तिघींमध्ये पहिली! सगळ्यांच्या आधी शंभरला! नात माझ्या गळ्यात पडली. "आजी, हिशेबापेक्षा जास्त ओढ आहे! कशी काय?" मी म्हटलं, "हात आहे हा, हात!" मी तर नाचलेच. जावईबापूंनीसुद्धा टाळ्या वाजवल्या, स्वभावाने चांगले आहेत ते.

आणि मग सरळ रस्ता आला. लांबलचक. तिथे खरा वेग. एकशे साठ झाले... एकशे सत्तर... आणि लागला हो दम! अगदी मी जिना चढते तशी. पहिल्या चार पायऱ्या ऐटीत, मग कठडा, मग 'तुम्ही व्हा पुढे'. चुंबकवाली जिथे अडीचशेला गेली तिथे आमची दोनशेलाच धापा टाकायला लागली. पुन्हा फेरी. पुन्हा तेच. नात संगणकाकडे बघते, मोटरीकडे बघते, कागदाकडे बघते... तिचा चेहरा असा उतरत गेला, मला बघवेना.

मोठे साहेब आले, पाठ थोपटल्यासारखं केलं. त्यांचं बोलणं अगदी शाळेतल्या पाहुण्यांसारखं, "सुरुवात उत्तम! फारच उत्तम! पण आपली गाडी वेगाची गाडी आहे. वर दम नसेल तर... समजतंय ना? प्रयत्न चांगला होता." प्रयत्न! चार वर्षांचं आयुष्य, आणि त्याचं नाव प्रयत्न!

हरलो. टोळी मोडली. मोटर पुन्हा त्याच चादरीत गुंडाळून घरी आली. आठ दिवस दाराला टेकण लावायला वापरली तिने. मी काही बोलले की म्हणायची, "नाही आजी, तुझं काम चोख होतं. माझीच रचना फसली. हिशेब शंभर वेळा करून बघितला, चूक सापडत नाही. म्हणजे मलाच चूक दिसत नाही. मला हे कामच जमत नाही बहुतेक." अहो, जिला पाच वर्षांची असताना मी तारेचा विंचू करून दिला तर तिने तो उलगडून बघितला आतून कसा आहे, ती पोर म्हणते मला जमत नाही!

आता मला तांबं फुकट गेलेलं बघवत नाही. चाळीस वर्षांची खोड. एक दिवस दुपारी ती मोटर मांडीवर घेतली, वार्निश गरम करून सोडवलं आणि एक कॉइल उलगडायला घेतली. हात काम करतात तेव्हा तोंड घर मोजतं, त्याला मी काय करू? सासूबाई... मामंजी... थोरले दीर... जाऊबाई... धाकटे दीर... नणंद... आमचे हे... लेक... संपलं घर.

आणि खाचेत एक वेढा शिल्लक.

म्हटलं, हा कोण?

दुसरी कॉइल उलगडली. सासूबाई, मामंजी... लेक... आणि हा पुन्हा! तिसरी. चौथी. सगळीकडे तो बसलेला, गच्च, पट्टीने दाबून दाबून बसवलेला, पोरीने कौतुक केलेला... एक वरचा! मोटर थंड राहील म्हणून! गिऱ्हाईक दुवा देईल म्हणून! अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस कॉइलींना माझ्या हातांनी मला न विचारता दुकानाची रीत पाळली होती हो! आणि मी सगळीकडे सांगत सुटले होते, वेढे मी मोजून घालते!

तुम्ही असता तर सांगितलं असतं? खरं सांगा. मी दोन दिवस नाही सांगितलं. जेवण जाईना. ताटावर बसले की समोर नऊ दिसायचे. तिसऱ्या दिवशी ती नोकरी सोडायचं पत्र लिहीत बसली, तेव्हा मी उठले, मोटर तिच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "मोज."

मोजलं तिने. एकदा, दोनदा. कागद ओढला, आकडे मांडले, पुन्हा मांडले. मी आपली पदराचं टोक पिळत उभी. मग म्हणाली, अगदी हळू, "एक वेढा जास्त म्हणजे सुरुवातीला ओढ जास्त. आणि वर गेल्यावर ताकद पाचव्या हिश्शाने कमी. आजी... आठ असते तर जिंकलो असतो."

"रागाव मला," मी म्हटलं. "भांडं फेक. काहीतरी कर."

तर हसायला लागली! डोळ्यांत पाणी आणि हसते आहे. "घरात आठ माणसं आणि नववी तू! तू कधी कशातून स्वतःला बाहेर ठेवलंयस, की या मोटरीतून ठेवशील?"

दुसऱ्या दिवशी गेली मोठ्या साहेबांकडे कागद घेऊन. मी देव पाण्यात घालून बसले. संध्याकाळी परत आली, चपला काढतानाच कळलं मला. साहेब म्हणाले म्हणे, "हिशेब बरोबर आहे. अगदी बरोबर. पण चुंबकांची मागणी गेली, गाडीचे साचे त्या मापाने पडले, आता मागे फिरता येत नाही." आणि वर चष्मा काढून म्हणाले, "बाई, एवढ्या मोठ्या परीक्षेची मोटर तुम्ही आजीकडून भरून आणलीत?" आता सांगा, यात चूक काढायला जागा आहे का? मला तरी सापडली नाही.

एवढं झाल्यावर तिला ठेवली कुठे, माहितीये? चुंबकवाल्यांच्या टोळीत! नवऱ्याच्या हाताखाली! घरी भांडण बंद झालं. जेवताना आता दोघं मीठ मागतात, बास. मला तो शांतपणा खायला उठतो. जावईबापू तर इतके सांभाळून बोलतात की काचेचं भांडं धरावं तसं. मधे एकदा ते स्वतःच म्हणाले, "अगं, तापलं की आमचं चुंबक कमी होतं, हे खरंच आहे," तर ही म्हणाली, "नाही, चालतंय." चालतंय! माझी नात म्हणाली, चालतंय!

आणि कहर पुढेच आहे. मशीनची सुई पुन्हा तुटली. चुंबकवाल्यांची पहिली मोटर, शोरूमच्या गाडीत बसायची, उद्घाटनाला माणसं यायची, आणि तार भरायला कोणी नाही. कोणाचा निरोप यावा? त्याच साहेबांचा! "आजींचा हात चांगला आहे, फक्त समोर बसून कोणीतरी मोजा." फक्त मोजा! आणि मोजायला कोणाला बसवलं? दोन पदव्या घेतलेल्या माझ्या नातीला. खिडकीत मी, समोर ती, मांडीवर कागद, हातात पेन्सिल. चुंबकाच्या मोटरीला सहा वेढे. कमी नाही, जास्त नाही. जास्त झाला तर हीसुद्धा वर जाऊन धापा टाकणार.

पहिली कॉइल. सासूबाई, मामंजी, थोरले दीर, जाऊबाई, धाकटे दीर, नणंद.

ती बघत होती. पेन्सिल टेकवली नव्हती. खिडकीबाहेर नजर लावून, अगदी साळसूदपणे म्हणाली, "आजी... दुकानाची रीत मोडू नये म्हणतात."

कळलं मला. न कळायला काय झालं! चार वर्षांचं आयुष्य होतं त्या पोरीचं, एका वेढ्यात गेलेलं, आणि तेवढंच तर मागत होती ती माझ्याकडे. मीही म्हटलं, घालते! आमच्या ह्यांची शपथ, मनापासून म्हटलं! तार धरली, ओढली...

आणि तुम्हाला सांगते, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, माझा मेला हात नणंदेवर बरोबर थांबला.